चव्वेचाळिसावं नाव

"असं बोलत नसत ते," बाई म्हणून गेल्या, आणि शब्द निसटल्यावर त्यांनी पटकन मान खाली घालून पुढची ओळ टाईप करायला घेतली.

कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, दोन स्टुलं आणि पाय पसरले तर बाहेर जातील एवढीच जागा. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर घरी बसून करमेना म्हणून त्यांनी ते घातलं, त्याला आता आठ वर्षं झाली होती. मुलं त्यांना नुसतं बाई म्हणत. कसलंही गचाळ अक्षर त्यांना लागतं आणि त्यांच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

त्या दिवशी त्यांच्यापुढे नाटकाची वही होती. कॉलेजच्या सात मुलामुलींनी मिळून लिहिलेलं नाटक, चाळीस वर्षांपूर्वी संपलेल्या त्या राजवटीवरचं. भिंतींना कान होते, शेजारी शेजाऱ्याला चहाला बोलवायला धजत नव्हता, त्या काळाचं. यांतल्या एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. नाटक बसवणारी मुलगी एका जागी म्हणून ठरत नसे. स्टुलावर बसली तरी तिचे पाय हलत, पाय थांबले तर बोटं वाजत. सगळे तिला भिंगरी म्हणत.

तिसऱ्या प्रवेशात एका माणसाला चौकशीला आणतात. अधिकारी टेबलावर मुठी आपटतो, आईवरून शिव्या देतो, खोली डोक्यावर घेतो. बाई तिथेच अडखळल्या होत्या.

"मग कसे बोलायचे?" भिंगरीनं विचारलं.

बाईंनी टाळून पाहिलं. नात्यातली एक बाई चौकशी कचेरीत कामाला होती, तिच्याकडून कधीतरी ऐकलेलं, म्हणाल्या. पण ही पोरगी हलेना.

"हळू बोलायचे," बाई अखेर म्हणाल्या. "खुर्ची पुढे करायचे. आईचा गुडघा आता कसा आहे, विचारायचे. म्हणजे माणसाला बरोबर कळायचं, की आपल्या आईचा गुडघा दुखतो हे यांना ठाऊक आहे."

भिंगरीचे पाय थांबले. तिनं वही ओढून घेतली आणि प्रवेशावर उभी काट मारली.

त्यानंतर ती रोज यायला लागली. बाई थोडं थोडं सांगत आणि प्रत्येक वेळी ती नात्यातली बाई मध्ये घालत. खोलीत दोघंच नसत, त्यांनी सांगितलं. बाजूच्या लहान टेबलाशी लिहून घेणारी असे. मुलांच्या नाटकात ती नव्हतीच. मग मुलांनी ती घातली आणि बाईंना तालमीला ओढून नेलं. लिहून घेणारीचं काम करणारी मुलगी सारखी वर बघायची, डोळ्यांत पाणी आणायची. बाईंनी तिला सांगितलं, चेहऱ्याकडे बघायचं नाही, चेहरा बघितला की हात अडखळतो. फार तर चपलांकडे बघायचं.

आणि एके दिवशी, विचारलेलं नसताना, त्यांनी भूगोलाच्या मास्तरांचं सांगितलं. मास्तरांना तीन दिवस बसवून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते नावं सांगायला तयार झाले. दोघा मित्रांची नावं, पत्ते, कुठे भेटलो, काय बोललो. सांगता सांगता लिहून घेणारीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, आणि मास्तर बोलायचे थांबले. तिनं टोक काढलं, कागद सारखा केला, तोवर ते थांबून राहिले. मग म्हणाले, झालं? आणि शेवटचं वाक्य पुन्हा सांगून पुढे गेले. जन्मभर मुलांना उतरवून घ्यायला सांगितलेलं. लिहिणाऱ्याचं होईपर्यंत थांबायची सवय.

"पुढे काय झालं त्यांचं?" लंबूनं विचारलं. अधिकाऱ्याचं काम तो करत होता.

"तिला कसं कळणार? सही झाली की कागद वर जायचा, माणूस खाली." बाई उठल्या. दुकान उघडं टाकून आले, म्हणाल्या. दुकानाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्याच हातात होती.

मुलांनी तो प्रसंग नाटकात जसाच्या तसा घेतला. त्या दिवसापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. घासलेलं भांडं पुन्हा घासायच्या. गिऱ्हाईक पुढ्यात उभं असताना फाटकाकडे बघत राहायच्या. लेक म्हणाली, आई, तुझा रक्तदाब तपासू या. लेक दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होती, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण रक्तातच सापडायचं. दोघींचंच घर. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती.

प्रयोगाला चार दिवस उरले असताना भिंगरी धापा टाकत दुकानात आली. त्या चौकशी कचेरीची जुनी दप्तरं गेल्या वर्षी सर्वांना बघायला खुली झाली होती. मुलांनी अर्ज करून करून एक यादी मिळवली होती, तिथे काम करणाऱ्या सगळ्यांची. नाटकाच्या शेवटी दिवे लावायचे आणि ती वाचायची, एकामागून एक. टाळ्या नाहीत, संगीत नाही. सदुसष्ट नावं.

"सगळ्यांची?" बाईंनी विचारलं. "शिपायांची पण?"

"पगार घेणाऱ्या सगळ्यांची. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत. लोकांना वाटतं ती कचेरी चार राक्षस चालवत होते. सदुसष्ट माणसं रोज डबा घेऊन जात होती तिथे."

भिंगरी कागद ठेवून गेली. बाईंनी चष्मा पुसला आणि टाईप करायला बसल्या. चव्वेचाळिसावं नाव त्यांचं होतं. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, पुढे हुद्दा: लघुलेखिका.

ते येणार हे त्यांना कागद हातात घेतानाच कळलं होतं. तरीही त्या छापील अक्षरांकडे बघत राहिल्या. बाविसाव्या वर्षी लघुलेखनाच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठची दोन भावंडं शाळेत, आणि नोकरीचा कागद घरी चालून आला. कुठली कचेरी ते रुजू झाल्यावर कळलं. सोडता आली असती का? पहिल्या महिन्यात कदाचित आली असती. मग त्या चार वर्षं राहिल्या. हात आपला, शब्द दुसऱ्याचे, अशी मनाची समजूत घालत.

त्यांनी त्रेचाळिसावं नाव टाईप केलं आणि त्याच्याखाली पंचेचाळिसावं. संध्याकाळी भिंगरीनं सहासष्ट नावांची यादी नेली. मोजून कोण बघतं? बाईंच्या टायपिंगमध्ये चूक नसते.

दुसऱ्या दिवशी तालमीत त्यांनी ती ऐकली. भिंगरी कोऱ्या आवाजात वाचत होती. त्रेचाळिसावं झालं, त्यानंतर एका ड्रायव्हरचं आलं, आणि बाईंना एकदम हलकं वाटलं. पुढे झाडूवालीचं नाव आलं. सकाळी सातला यायची ती. फरशी पुसताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची, वरच्या मजल्यावरून बूट वाजले की गप्प व्हायची. खोलीत काय बोलणं होतं ते तिनं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. तिचं नाव आता भरल्या सभागृहात घेतलं जाणार होतं, आणि बाई तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकणार होत्या. मघाचं हलकं वाटणं त्यांच्या अंगावर आलं. तालीम अर्धी टाकून त्या घरी गेल्या.

लेक भाजी चिरत होती. बाई दारात उभ्या राहून बोलल्या. बसल्या असत्या तर बोलणं झालं नसतं. पाणीपुरवठ्यात मी नंतर लागले, म्हणाल्या. त्याआधी चार वर्षं दोन महिने मी त्या कचेरीत होते. लोक जे बोलायचे ते लिहून घ्यायचे.

लेकीची सुरी थांबली. "बाबांना माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं त्यांना."

"मामाला?"

"हो."

"म्हणजे मलाच नव्हतं." लेकीनं विळ्यासारखी वाकडी झालेली भेंडी उगाचच बाजूला काढून ठेवली. "शाळेत मी निबंध लिहिला होता आई, त्या काळावर. तू शुद्धलेखन तपासून दिलं होतंस."

लेकीनं गॅस बंद केला, चिरलेली भाजी तशीच झाकली आणि आपल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

सकाळी त्या दुकान न उघडता थेट तालमीच्या खोलीवर गेल्या. मूळ यादी भिंगरीपुढे धरली आणि चव्वेचाळिसाव्या नावावर बोट ठेवलं. हे माझ्याकडून राहिलं, म्हणाल्या.

"राहिलं म्हणजे?"

"राहिलं नाही. गाळलं. हे नाव माझं आहे."

भिंगरी कागदाकडे बघत राहिली. तिला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे ती नात्यातली बाई..."

"नात्यातली कुणी नव्हती."

"आणि मास्तर?"

"मास्तर माझ्यासाठीच थांबले होते."

भिंगरीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंना ओळखीचं नव्हतं. रागच होता, पण रागाला जागा सापडत नव्हती. इतके दिवस आम्ही तुमच्या बाजूला बसून डबे खाल्ले, एवढंच ती म्हणाली. मग सातही जणांची जुंपली. लंबूचं म्हणणं, बाई नसत्या तर नाटक उभं राहिलं नसतं, एक नाव नाही घेतलं तर काय आभाळ कोसळतंय? लिहून घेणारी झालेली मुलगी म्हणाली, मग आपण तरी कशाला नाटक करायचं, घरी जाऊ. बोलता बोलता सगळे बाईंकडे बघायला लागले, जणू निकाल त्यांनीच द्यायचा.

"माझं गाळायचं असेल तर झाडूवालीचं आधी गाळा," बाई म्हणाल्या. "ती दाराच्या बाहेर होती. मी आत होते."

भिंगरीनं पेन काढलं, टाईप केलेल्या यादीत बाण मारून ते नाव हातानं लिहिलं आणि तालीम सुरू करा म्हणाली. बाईंना तिनं बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. त्या दाराशी उभं राहून पहिला प्रवेश बघून निघाल्या.

प्रयोगाच्या दिवशी घरात दोघी एकमेकींशी जेवण, किल्ली, दूध एवढंच बोलल्या. बाईंनी टेबलावर पास ठेवला. संध्याकाळी एकट्या निघाल्या तेव्हा तो तिथेच होता.

सभागृह भरलं होतं. लंबू हळू आवाजात आईच्या गुडघ्याचं विचारू लागला तसं पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पेन्सिल मोडली. मास्तर झालेला मुलगा थांबला. टोक काढण्याचा करकर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. बाईंनी समोर बघितलं, चपलांकडे नाही.

मग दिवे लागले आणि भिंगरी कागद घेऊन पुढे आली. तिचे पाय जागच्या जागी स्थिर होते. नावं सुरू झाली. चव्वेचाळिसाव्याला तिचा आवाज हलला नाही, बारीक झाला नाही, मोठाही झाला नाही. ज्या चालीनं त्रेचाळिसावं वाचलं त्याच चालीनं वाचलं आणि ती पुढे गेली. एकाही मानेनं वळून बघितलं नाही. माहेरचं नाव कोण ओळखणार?

सदुसष्ट संपल्यावर लोक तसेच बसून राहिले, मग कुजबुजत उठले. बाई सगळ्यांत मागून निघाल्या. बाहेरच्या दाराशी, भिंतीला लागून, लेक उभी होती. दवाखान्यातला पांढरा कोट तिनं काढलासुद्धा नव्हता. ती कधी आली, किती ऐकलं, बाईंनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

ती पुढे चालू लागली, बाई मागून. फुटपाथ संपला तिथे रस्त्यावर गाड्यांची रीघ होती. एक फट पडली. लेकीला सहज पार होता आलं असतं. ती कडेला उभी राहिली, मागे न बघता. बाई गुडघ्यावर हात दाबत तिच्या शेजारी येऊन पोचल्या. लेकीनं हात पुढे केला नाही. गाड्या थांबल्या तेव्हा तिनं पाऊल उचललं, रोजच्यापेक्षा बरंच लहान, आणि दोघी रस्ता ओलांडू लागल्या.