गाण्यातलं हसू

लोक त्याला भोवरा म्हणत. तरुणपणी गिटार गळ्यात अडकवून तो एका पायावर असा गरागरा फिरायचा, की पुढच्या रांगेतल्या पोरी किंचाळायच्या आणि मागच्या रांगेतले त्यांचे बाप तणतणत उठून जायचे. रॉक अँड रोल हे नाव अजून लोकांच्या जिभेवर नीट बसलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. काही वर्षं त्याने नुसता धुमाकूळ घातला. मग लोकांना दुसरं काहीतरी आवडायला लागलं आणि भोवरा जो घरी बसला तो बसलाच.

गाणी मात्र राहिली. होती जेमतेम डझनभर, पण रेकॉर्ड कंपनीने तेवढ्यावरच आयुष्य काढलं. आधी ‘भोवऱ्याची गाजलेली गाणी’ निघाली. मग ‘निवडक भोवरा’. मग ‘सुवर्णसंच’, मग कॅसेटवर ‘भोवरा पुन्हा एकदा’ आणि सीडी आल्यावर तेच सगळं सीडीवर. गाणी तीच, क्रम पुढेमागे केलेला आणि वरचा फोटो तेवढा नवा. नवा म्हणजे तोही जुनाच, आधी न वापरलेला. तरी लोक घ्यायचे. घरात दोन संच पडलेले असले तरी तिसरा घ्यायचे.

प्रत्येक संचात ‘लाल मोटार’ हे गाणं असायचंच. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत एक बाई हसते. ठरवून हसल्यासारखं नव्हे. तोंडावर हात दाबून धरलाय आणि तरी बोटांमधून हसू सांडतंय, असं. मग भोवरा म्हणतो, “चल, बस गाडीत!” आणि गिटार पुन्हा सुटते. न्हाव्याच्या दुकानात हे गाणं लागलं की त्या जागी कात्री थांबायची.

हसणारी बाई म्हणजे भोवऱ्याची बायको. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती सहज कोपऱ्यात बसली होती. भोवरा फिरता फिरता वायरींत अडकला आणि थेट ड्रमवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला. तिला हसू फुटलं, ते माइकने पकडलं आणि कंपनीने राहू दिलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी ती त्याच ड्रमवाल्याबरोबर निघून गेली. त्यांची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. “दूध तापत ठेवलंय, लक्ष ठेव. मी आलेच,” असं तिला सांगून आई बॅग घेऊन बाहेर पडली. मुलगी स्टुलावर उभी राहून लक्ष ठेवत होती. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडी विझली, गॅस मात्र सुटतच राहिला. गॅस बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं. शेजारणीने वासावरून दार ठोठावलं म्हणून पोरगी वाचली.

ड्रमवाला काही फार वर्षं टिकला नाही. बाई मग कुठे कुठे राहिली, म्हातारी झाली आणि शेवटी एका वृद्धाश्रमात आली. तिचा खर्च मुलगीच भागवत होती, पण भेटायला येत नव्हती. आश्रमात सगळे तिला हसूबाई म्हणत. ते नाव तिने स्वतःच पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

तिथे तिचा रुबाब पाहण्यासारखा होता. जेवणाच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल तिचं. दुसरं कुणी तिथे बसलं तर ती काही बोलायची नाही, नुसती ताट हातात धरून शेजारी उभी राहायची, समोरचा उठेपर्यंत. दुपारी हॉलमध्ये भोवऱ्याचा संच लागायचा. हसण्याची जागा जवळ आली की ती बोट वर करायची आणि मग सगळ्यांनी गप्प व्हायचं. तिच्या हसण्याच्या गोष्टीला दरवर्षी नवा मजला चढत होता. आधी फक्त हसू तिचं होतं. मग चाल तिने सुचवली होती. मग मोटारीचा लाल रंगही तिनेच सुचवला.

तिचा सगळ्यात जास्त जाच होता तो हेडबाईंना. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा मुलगा दर रविवारी येतो म्हणायचा आणि यायचा नाही. दर रविवारी संध्याकाळी हसूबाई त्यांच्या दारात उभी राहून गोड आवाजात विचारायची, “काय हो, आज रहदारी होती की पाहुणे होते?”

हेडबाई ऐकून घेत. त्यांना वाट बघायची सवय होती.

त्या वर्षी नवा संच निघाला, ‘अस्सल भोवरा’. नर्सने तो कौतुकाने विकत आणला आणि दुपारी हॉलमध्ये लावला. ‘लाल मोटार’ सुरू झालं. हसूबाईने बोट वर केलं. वाद्यं थांबली. आणि कुणीच हसलं नाही. रिकामी शांतता गेली, भोवरा म्हणाला, “चल, बस गाडीत!” आणि गिटार सुरू झाली.

बोट तसंच वर राहिलं. “खराब निघाली,” ती म्हणाली. “परत लाव.”

नर्सने परत लावलं. परत तेच.

हेडबाईंनी शांतपणे चष्मा लावला, सीडीचं वेष्टण उचललं आणि वर्गात धडा वाचावा तसं मागचं वाक्य मोठ्याने वाचलं. “या संचातील गाणी मूळ स्वरूपात दिली असून, नंतर भरलेले भाड्याचे आवाज काढून टाकले आहेत.”

“कसले आवाज?” एका बहिऱ्या आजोबांनी विचारलं.

“भाड्याचे,” हेडबाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. मग हसूबाईकडे वळून, “तुम्ही कदाचित शेजारच्या खोलीत हसला असाल.”

हॉलमध्ये जे हसू पिकलं ते बराच वेळ थांबलं नाही. ज्यांना ती टेबलावरून उठवायची ते तर डोळे पुसत हसत होते.

हसूबाईने मुलीला फोन केला. कंपनीवाल्यांनी घोटाळा केलाय, तुझ्या बापाला सांग, तू स्वतः ये, येताना जुनी रेकॉर्ड आण आणि या लोकांच्या कानात घाल. एरवी न येणारी मुलगी या वेळी लगेच आली. आता तिचेही केस पिकले होते. भोवऱ्याचे करार, मुलाखती, संच, सगळं तीच बघायची. तिच्या हातात रेकॉर्ड नव्हती.

“आणली नाहीस?”

“नाही.”

“त्याने काढायला लावलं ना? मला माहीत होतं. इतक्या वर्षांनी सूड उगवला मेल्याने.”

“बाबांना तर काल काय जेवले तेही आठवत नाही,” मुलगी म्हणाली. “मी काढायला लावलं. आता मशिनवर आवाज वेगळे करता येतात. वेष्टणावरचं वाक्यही माझंच आहे.”

हसूबाई तिच्याकडे बघत राहिली. “का गं?”

“वह्या आणायला दुकानात गेले की तिथल्या रेडिओवर तू हसायचीस. बसमध्ये हसायचीस. माझ्या लग्नात लाऊडस्पीकरवाल्यांनी तेच गाणं लावलं, तिथेही हसलीस. घर सोडून गेलीस ना? मग पुरती जायचं होतंस.”

“मी लहान होते तेव्हा. तेवीस-चोवीसची.”

“मी सहाची होते.”

मग हसूबाईने आवाज खाली आणला. असा आवाज तिने आश्रमात कधी काढला नव्हता. “बरं, केलंस ते केलंस. पण या लोकांना एवढं सांग, की ती मीच होते. मला इथेच राहायचंय गं. इथेच मरायचंय.”

मुलगी उठली. जेवणाची वेळ झाली होती आणि खोली भरली होती. ती दारात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “मी भोवऱ्याची मुलगी. माझी आई तुम्हाला काही काही सांगत असते, मनावर घेऊ नका. तिला लहानपणापासून गोष्टी रचायची सवय आहे. सांभाळून घ्या.” मग तिने नमस्कार केला आणि निघून गेली.

त्या दिवसापासून आश्रमात कुणी हसूबाईला हसलं नाही. हेडबाईसुद्धा नाही. उलट सगळे तिच्याशी हळू आवाजात, सावकाश बोलायला लागले, डोक्याने अधू माणसाशी बोलतात तसे. खिडकीजवळच्या टेबलावरून तिला कुणी उठवलं नाही, पण तिथे तिच्या समोर येऊन बसायचंही बंद झालं. आठवड्याभरात ती आपलं ताट आपल्या खोलीत मागवायला लागली.

इकडे कंपनीने ‘अस्सल भोवरा’चा समारंभ ठेवला. भोवऱ्याला रेशमी कोट घालून स्टेजवर बसवलं. बोलायचं काही नव्हतं, नुसतं हात हलवायचा होता, आणि तो त्याने छान हलवला. मग ‘लाल मोटार’ लागलं. त्याचा पाय आपोआप ताल धरायला लागला, ओठ शब्दाशब्दाबरोबर हलायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाद्यं थांबली. भोवऱ्याने मान कोपऱ्याकडे वळवली आणि वाट बघितली. तोवर ध्वनिवर्धकातून त्याचाच आवाज आला, “चल, बस गाडीत!”

भोवरा उठून उभा राहिला. “थांबवा, थांबवा,” तो म्हणाला. “अजून ती आली नाही.”

लोकांना वाटलं, गंमत आहे. ते हसले. त्याने हसणारे चेहरे एकेक करून तपासले, स्टेजच्या पडद्यामागे डोकावला, मग पायऱ्या उतरून खाली जायला निघाला आणि पडला. मुलीने आणि कंपनीच्या माणसाने त्याला उचललं. कंपनीच्या माणसाने माइकवर सांगितलं, की कलावंत भावुक झाले आहेत.

घरी आल्यावर त्याने जेवण सोडलं. कुणी घास पुढे केला की म्हणायचा, “ती येऊ दे. सगळे खोळंबलेत.” डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही सांगता येत नाही, पण पोटात काही गेलं नाही तर फार दिवस काढणार नाहीत. मुलीने दोन दिवस हट्ट केला, ओरडली, रडली. मग गाडी काढून आश्रमात गेली.

“बाबा तुझी वाट बघतायत,” तिने खाली बघत सांगितलं. “जेवत नाहीत. येशील?”

हसूबाईने एकही टोमणा मारला नाही. तिने केस विंचरले, पुसलेला आरसा पुन्हा पुसून पावडर लावली, पिवळा ड्रेस घातला, तो काढून निळा घातला. गाडीत ती ताठ बसली होती. वाटेत एकदाच म्हणाली, “त्याला निळा आवडायचा.”

भोवरा पलंगावर उशांना टेकून बसला होता. शेजारी एक खुर्ची होती. हसूबाई त्या खुर्चीत बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. “मी आलेय,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं. “बरं झालं. तुम्ही कुणाकडच्या?”

“अरे, मी. वायरीत अडकून पडला होतास, आठवतं?”

“हो का,” भोवरा म्हणाला आणि हात सोडवून घेतला.

मुलगी दारात उभी होती. तिने आईचा चेहरा पाहिला. मग ती आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या तळाशी पडलेली जुनी रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली आणि लावली. खरखर झाली, गिटार सुरू झाली, भोवऱ्याचा पाय पांघरुणाखाली हलायला लागला. हसूबाईने डोळे मिटले आणि आपली जागा जवळ येताच तोंडावर हात धरून ती हसली, अगदी त्या क्षणाला, रेकॉर्डबरोबर. पण त्या तरुण हसण्याच्या शेजारी तिचा आवाज ठसका लागल्यासारखा निघाला.

“शू!” भोवरा रागावून म्हणाला. “रेकॉर्डिंग चालू आहे.” आणि मग त्याचा चेहरा उजळला. “आली. ऐकलंत? आली ती.” त्याने हसूबाईच्या दंडाला हलकेच ढोसलं. “बाई, उठा बघू. तिला बसायला खुर्ची लागेल.”

हसूबाई उठली. भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. गुडघे दुखत होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलीला बाहेरून दुसरी खुर्ची आणता आली असती. ती हलली नाही. रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत भोवऱ्याने वाटीभर खीर खाल्ली, मुलीच्या हाताने, रिकाम्या खुर्चीकडे बघत.

परतीच्या वाटेवर आश्रमाचं फाटक दिसायला लागलं तेव्हा हसूबाई म्हणाली, “पुढचा संच काढाल ना, त्यात ते परत घाला. निदान त्याच्यासाठी.”

“त्यांच्यासाठी घरी जुनी रेकॉर्ड आहे,” मुलगी म्हणाली.

पुढच्या वर्षी निघालेल्या संचाचं नाव होतं ‘अमर भोवरा’. फोटो नवा होता. ‘लाल मोटार’मध्ये त्या जागी कुणी हसत नव्हतं. वेष्टणावरचं ते भाड्याच्या आवाजांचं वाक्य कंपनीला आवडलं होतं. या वेळी त्यांनी ते मोठ्या अक्षरात, पुढच्या बाजूला छापलं.