खिशातली किल्ली

संघटनेची वार्षिक सभा म्हणजे भाषणं आणि चहा, असं बाहेरच्यांना वाटे. आतल्यांना मात्र त्या दिवशी सकाळपासूनच घाम फुटायचा. कारखान्यांत कामगारांना शिकवणाऱ्या या मंडळींना वर्षातून एकदा स्वतःच परीक्षा द्यावी लागे. जुन्या प्रेस मशीनची वीज तोडायची, बटणाला कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची आणि मगच आत हात घालायचा. चुकला तो नापास, मग तो कितीही मोठा असो.

हा नियम उस्तादांचा. त्यांच्या तरुणपणी त्यांचा जिवलग दोस्त, एक फिटर, मशीनच्या आत शिरून साफसफाई करत होता. किल्ली बाजूच्या खिळ्याला लटकत होती. एका नवख्याने ती काढली आणि मशीन सुरू केलं. त्या नवख्याला त्याच्या प्रशिक्षकाने निव्वळ भिडेखातर पास केलं होतं. दोस्ताला स्मशानात पोचवून आल्यावर उस्तादांनी आसपासच्या कारखान्यांतले प्रशिक्षक गोळा करून ही संघटना उभी केली. भिडेखातर कुणालाही पास करायचं नाही, हे कलम त्यांनी हट्टाने पहिलं घातलं.

आता अध्यक्ष होती त्यांची लेक. उस्तादांची आठवण हल्ली दगा देऊ लागली होती. चहा घेतला की नाही, हेही ते तिलाच विचारत.

"बाबा, या वर्षी राहू द्या," निघताना ती म्हणाली.

"बापाला सूट देणार?" उस्ताद भडकले. "मग आधी संघटनेलाच कुलूप लाव!"

सभेत त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी वीज तोडली, कुलूप घातलं. हात अजून सराईत होते, लेकीचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात ते वळले आणि त्यांनी किल्ली मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवली.

खजिनदार तिच्या कानाशी वाकले. "पाहिलंच नाही म्हणा. आम्ही कुणी तोंड उघडणार नाही."

तिलाही तेच हवं होतं. ज्या माणसाने तिला बोट धरून चालायला आणि मशीन हाताळायलाही शिकवलं, त्याला चारचौघांत कसं पाडायचं?

"नापास," ती कशीबशी म्हणाली.

उस्तादांनी छातीवरचा बिल्ला काढून तिच्या टेबलावर ठेवला आणि ते नवशिक्यांच्या बाकावर जाऊन बसले. "चल, शिकव आता." नापास करणाऱ्यानेच शिकवायचं, हाही त्यांचाच दंडक.

तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटली. "ही कुणाच्या खिशात, बाबा?"

"माझ्या." त्यांनी ती खिशात टाकली.

पुढच्या प्रशिक्षकाची पाळी आली. किल्लीसाठी लेकीने वडिलांपुढे हात केला. "द्या आता."

उस्तादांनी खिसा घट्ट धरला. "वेडी झालीस का? माझा दोस्त अजून आत आहे!"

खजिनदार पुढे सरसावले. तिने त्यांना हातानेच थांबवलं आणि ती वडिलांच्या शेजारी बाकावर बसली.

"नका देऊ," ती म्हणाली. "त्याला बाहेर येऊ दे आधी."