दाराबाहेर

चारुता टीचरच्या वर्गात प्रत्येक मुलाला जागा असते, असं नवीन पनवेलच्या त्या बालवाडीत सगळेच म्हणत. सर्वसमावेशक शिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली तिथे ती एकटीच. म्हणून 'आपला रायगड' हा कार्यक्रम तिच्याकडेच आला, आणि संस्थेचे पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर तिला आणखीनच हुरूप चढला.

रेवाला तिने कोळीण केलं. रेवा चार वर्षांची, टॉवरांच्या मागे उरलेल्या गावठाणातली. तिची आई मालू फाटकाशी घुटमळत म्हणाली, "मॅडम, आमी कोळी नाय, आगरी. आमच्या सासऱ्यांचं मिठागर होतं."

"अहो, कोळणीचा पोशाख उठून दिसतो," चारुता हसली. "आणि मासे तुमच्याकडेही असतातच की!"

मालूने आपली हिरवी साडी कापून पोरीच्या मापाची शिवून दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी वर्गात पाहुणे खुर्च्यांवर आणि पालक मागे उभे होते. डोक्यावर पुठ्ठ्याच्या पापलेटांची टोपली घेऊन रेवा आली, तशा टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या वरदने मात्र नाक दाबलं.

"रेवा, सांग बघू, तुझ्या टोपलीत काय आहे?" चारुताने विचारलं. 'ताजी ताजी मासळी' असं उत्तर आठवडाभर पाठ करून घेतलेलं होतं.

रेवाने टोपली उतरवली, पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत दाराशी गेली, चपलांच्या मांडणीशेजारी टोपली ठेवली आणि परत येऊन जागेवर बसली.

"ठेवली भायेर, टीचर," ती शहाण्यासारखी म्हणाली.

सगळे हसले. "काय शिस्त आहे हो तुमच्या मुलांना!" एक पाहुणे म्हणाले. चारुताही हसली. हसता हसताच तिचं लक्ष मागे गेलं. मालू हसत नव्हती.

जुलैत रेवाच्या डब्यात सुकट आलं होतं. वरद 'छी' म्हणून ओरडला, दोघी-तिघींनी नाक धरलं, आणि चारुताने तो डबा बंद करून दाराबाहेर नेऊन ठेवला होता. रागावली नव्हती ती. गोड आवाजात म्हणाली होती, "हे घरी खायचं हं, बाळा. इथे नाही." मालूलाही तितक्याच गोडव्याने सांगितलं होतं, "सगळ्यांना चालेल असं देत जा." त्यानंतर रेवा जॅम-पोळी आणू लागली. चारुता ते विसरूनही गेली होती.

त्या दिवशी अभिनंदनाचा चहा तिने तसाच ठेवून दिला. ज्या पोरीचा डबा आपण बाहेर काढला, तिच्याच डोक्यावर मासे ठेवून आपण मिरवलो, आणि वर हसलो!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती रेवाच्या घरी गेली. मालूने घाईघाईने पंखा लावला, खुर्ची पुसली. आतून रेवाची आजी, गुणाबाई, पाणी घेऊन आल्या.

"डब्याचं मी चुकले," चारुता उभ्यानेच म्हणाली. "तेव्हा मी वरदला समजवायला हवं होतं. रेवाचा डबा उचलायला नको होता."

"तुमची कसली चूक, मॅडम?" मालू ओशाळली. "वास तर येतोच ना. आता आमी घरात पन सुकट करत नाय. पोरगी जेवायलाच बसत नाय मग."

गुणाबाई खाली बघत म्हणाल्या, "माज्याजवल निजत नाय ती. बोलते, आजी, तुज्या हाताला वास येतो."

चारुताला वाटलं, या दोघींनी आपल्याला दोन शब्द सुनावावेत. पण मालू चहात साखर किती विचारत होती.

रेवा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चारुता तिच्यासमोर खाली बसली.

"रेवा, आजीच्या हाताला वाईट वास येत नाही. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तुझा डबा वर्गातच खायचा."

"वरद छी बोलला तर?"

"तर मी त्याला सांगेन, की असं म्हणायचं नाही."

रेवाने जरा विचार केला. "तवा का नाय सांगितलं?"

ती भांडत नव्हती, नुसतं विचारत होती. वरदची आई तक्रार करेल, हे तेव्हा चारुताच्या मनात आलं होतं. मालू करणार नाही, हेही. हे चार वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं?

"मला वरदच्या आईची भीती वाटली," शेवटी ती म्हणाली.

कपबशी घेऊन आलेली मालू जागीच थांबली. आत्तापर्यंत ओशाळं हसणाऱ्या तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कप तिने चारुतासमोर ठेवला, पण 'घ्या' म्हणाली नाही.

सोमवारी चारुताने मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं आणि कुणाचाही डबा वर्गाबाहेर जाणार नाही असं पालकांना कळवलं. वरदच्या आईचा फोन आला, तोही तिने घेतला. वर्गात तिने मुलांना गोल बसवून विचारलं, तुमच्या घरी कशाकशाचा वास येतो? हिंगाचा, उदबत्तीचा, बाबांच्या बुटांचा, मुलं ओरडत सुटली. रेवा ऐकत राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरी कसलाच येत नाय."

मुलं पुढच्याकडे वळली. चारुताला मात्र मान वर करवेना.