मुसम्मात राणी

मुकुंदवाडीच्या धनगरवस्तीत मिडल पास झालेला पहिला माणूस म्हणजे बिरू. तेव्हा औरंगाबादेवर निजाम सरकारचा अंमल होता. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा, शाळाही उर्दूत, आणि बिरूचा पास झाल्याचा दाखलाही उर्दूतच होता. त्याच्या आईनं, बानाबाईनं, तो घडी करून देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाखाली ठेवला होता. बिरूचं म्हणणं, दाखला चार माणसांना दिसला पाहिजे. पण वस्तीत तो वाचणार कोण, म्हणून त्यानंही फार ताणलं नाही.

बिरूचं वय एकोणीस आणि मतं पक्की. दुसऱ्याला सहज कळतं ते शिक्षणच नव्हे, असं तो म्हणायचा. मेंढरं कशी वळायची हे आप्पाला कळतं, शेजारच्या कडूबाला कळतं, मग त्यात विद्या कसली? शाळेतले मौलवीसाहेब बोलायला लागले की अर्ध्या वर्गाला काही उमगायचं नाही, त्याला म्हणायचं विद्या. काम ही न शिकलेल्यांनी करायची गोष्ट, शिकलेल्यानं करायची ती नोकरी. आणि लोक बाहेर उन्हात उभे आहेत, आपण आत बसून त्यांना ‘जरा ठैरो’ म्हणतो आहोत, एवढं जमलं की माणूस यशस्वी झाला. हे सगळं तो बापाला मेंढरांमागं जाता जाता समजावून सांगायचा. म्हणजे आप्पा मेंढरांमागं आणि बिरू आप्पामागं. एकदा आप्पा एवढंच म्हणाला, “मंग नोकरी लागंस्तोवर ती लंगडी मेंढी तेवढी खांद्यावर घे.”

सहा महिने बिरूनं शहरातली एकेक कचेरी पालथी घातली. तहसील झाली, जंगलखातं झालं, टपालखातंही झालं. सगळीकडं दारावरचा चपराशी त्याला ‘जरा ठैरो’ म्हणे आणि दुपारनंतर घरी पाठवी. शेवटी त्यानं ठरवलं, सरकार आपल्याला खुर्ची देत नाही तर आपणच आपली बैठक मांडावी. पोलीस कचेरीसमोर एक मोठी चिंच होती. तिच्याखाली अर्जनवीस बसायचे, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. खरं तर एकच बसायचे, दाऊदमियाँ, आणि तेही तीस वर्षांपासून. बिरूनं शेजारी पोतं अंथरलं तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, “बैठो बेटा, छाँव किसी के बाप की नहीं.”

दाऊदमियाँचे अर्ज पाहून बिरूला त्यांची दया आली. ‘बैल खेत में घुसा. जवारी खाया. इन्साफ हो.’ संपला अर्ज. तीस वर्षं बोरू झिजवून माणूस इथवरच पोचला, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. लोक मात्र त्यांच्याकडंच रांग लावत. तीन आठवडे बिरूच्या पोत्यावर गिऱ्हाईक म्हणून कुणी टेकलं नाही.

मग एका मंगळवारी आवडाबाई आली. आवडाबाई त्याच्याच गावची विधवा, एकटी राहणारी, एका म्हशीवर संसार चालवणारी. ती म्हैसच हरवली होती. खरं तर ती आली होती दाऊदमियाँकडं, पण ते नमाजाला गेलेले. बिरूनं तिला अदबीनं बसवून घेतलं.

तिनं एका दमात सगळं सांगितलं. राणी चरायला गेली ती सांजच्याला परत आलीच नाही, नाला बघितला, मळे बघितले, तिचं माहेर फुलंब्रीचं, तिकडं तर गेली नसंल. माहेर म्हणजे राणीला फुलंब्रीच्या बाजारातून आणलेलं होतं.

बिरूनं बोरू शाईत बुडवला आणि पहिल्याच ओळीला अडला. म्हशीला उर्दूत भैंस म्हणतात. पण इतक्या सुबक अक्षरात, इतक्या कोऱ्या कागदावर, सरकारदरबारी जाणाऱ्या अर्जात ‘भैंस’ लिहायचं त्याच्या जिवावर आलं. शिकलेल्या माणसानं लिहायचा तो शब्दच नव्हता. मग त्यानं तो टाळला. लिहिलं, की माझी नूर-ए-चश्म, म्हणजे डोळ्यांचा उजेड, जिच्यामुळं माझ्या घरची चूल पेटते, ती परवाच्या संध्याकाळपासून नाहीशी झाली आहे. नावापुढं काय लावावं याचाही त्यानं विचार केला. अर्जात बाईमाणसाच्या नावाआधी ‘मुसम्मात’ लिहायची रीत होती. राणी नर नव्हती. त्यानं ठळक अक्षरात लिहिलं, मुसम्मात राणी. खाली ती फुलंब्रीकडं गेली असावी असा अंदाज, मग वियोगाचं दुःख, अन्नपाणी गोड न लागणं, असं पानभर घातलं.

मग मोठ्यानं वाचून दाखवलं. आवडाबाईला एक अक्षर कळलं नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आपली मतं खरी असल्याचा बिरूला याहून मोठा पुरावा नको होता.

गुरुवारी सकाळी कचेरीचा शिपाई वस्तीवर आला. अमीनसाहेबांनी अर्जदार आणि अर्ज लिहिणारा, दोघांनाही बोलावलं होतं. अमीन म्हणजे ठाण्याचा मोठा अंमलदार. मोहियोद्दीनसाहेब महिन्यापूर्वीच हैदराबादहून बदलून आले होते, त्यांची जबान शुद्ध आणि स्वभाव हळवा, असं लोक सांगत. लिहिणाऱ्याला कशाला बोलावलं असेल, याचा बिरूला एकच अर्थ लागला. त्यानं डोक्याला तेल लावलं, धुतलेली टोपी घातली आणि देव्हाऱ्यातून दाखला काढून खिशात ठेवला.

आवडाबाई पोलीस कचेरीच्या आत पाय टाकायला काही केल्या तयार होईना. आमच्या घराण्यात कुणी ठाण्याचा उंबरा चढलं नाही, म्हणाली, आणि बाहेर ओट्यावर बसली. अमीनसाहेबांना मराठी येत नव्हती. तेव्हा असं ठरलं, की बिरूनं आतला सवाल बाहेर न्यायचा आणि बाहेरचा जबाब आत आणायचा.

अमीनसाहेबांनी आधी अर्जाची तारीफ केली. म्हणाले, काल हा अर्ज घरी बेगमला वाचून दाखवला, ती रडली, रात्री जेवली नाही आणि पोरीसाठी दर्ग्यात नवस बोलली. बिरूची छाती फुगली. पण ‘पोरीसाठी’ हा शब्द जरा उशिरानं त्याच्या डोक्यात शिरला आणि फुगलेली छाती तशीच अडकून राहिली.

तोवर साहेबांनी टाक उचललाही होता. “मुसम्मात की उम्र?”

साहेब हरवलेल्या बाईचा तपास करताहेत, हे बिरूला तिथल्या तिथं कळलं. त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण सांगायचं म्हणजे आपल्याला अर्ज लिहिता येत नाही असं कबूल करायचं, आणि खिशात दाखला होता. त्यानं विचार केला, उत्तरं खरीच देऊ, फक्त जरा शोभतील अशी देऊ.

तो बाहेर गेला. आवडाबाई म्हणाली, दुसऱ्या वेताची हाय. बिरू आत येऊन म्हणाला, दो बच्चों की माँ है हुजूर. रंग? काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिक्का. आत येईपर्यंत त्याचं ‘साँवली, माथे पर टीका’ झालं. अंगावर काय होतं? गळ्यात साखळी. साहेबांनी ‘जेवर’ म्हणून नोंद केली आणि चोरीचाही संशय आहे असं पुढं लिहिलं.

“और शौहर?”

बिरू ओट्यावर बराच वेळ घुटमळला. शेवटी त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “मावशे, रेडा कुणाचा?”

“पाटलाचा,” आवडाबाई म्हणाली. “समद्या गावाला त्यो एकच हाय.”

बिरू टोपी सारखी करत आत आला. तो एवढंच म्हणाला, की ते पाटलाकडं असतात. अमीनसाहेबांनी भुवया चढवल्या. नवरा पाटलाकडं, बाई आईकडं, मध्ये पाटील. त्यांनी पाटलाचं नाव कागदावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. एक घोडेस्वार कालच फुलंब्रीला तिची चौकशी करायला गेल्याचंही त्यांनी सांगितलं.

शेवटचा सवाल होता, जायच्या दिवशी घरात काही तंटा झाला होता काय. तो बिरूनं विचारला आणि आवडाबाई रडायलाच लागली. म्हणाली, खोटं कशाला बोलू, म्या त्या दिशी तिला काठीनं हाणलं. दूध देईना. लाथ मारली तिनं मला. बांधूनबी ठेवलं व्हतं दुपारपत्तुर. तिचं रडणं मोठं होतं आणि ‘काठी’, ‘बांधून’ हे शब्द अमीनसाहेबांना बिरूशिवायही कळले. ते खुर्चीवरून उठले. दोन लेकरांच्या आईला बांधून मारणारी ही बाई कसली आई, म्हणाले, आणि जमादाराला तिला आत घ्यायचा हुकूम दिला.

जमादार ओट्याकडं निघाला. आवडाबाई पदरानं डोळे पुसत बसली होती. आपल्याला कशाला धरताहेत हे तिला कळणारसुद्धा नव्हतं. बिरूनं धावत जाऊन दार अडवलं.

“हुजूर,” तो म्हणाला, “वो भैंस है.”

अमीनसाहेबांना वाटलं, पोरगा त्या म्हातारीला शिवी देतो आहे, आणि त्यांनी त्याला तमीज शिकवायला सुरुवात केली. बिरूनं मग सगळं फोडून सांगितलं. राणी ही म्हैस, फुलंब्रीच्या बाजारची, दोन रेडकं झालेली, साखळी लोखंडाची. जमादारानं तोंडावर रुमाल धरला आणि काहीतरी आठवल्यासारखा तो परसाकडं निघून गेला. अमीनसाहेब सावकाश खुर्चीवर बसले. अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“भैंस को मुसम्मात लिखना किस किताब में पढ़ा?”

“हुजूर, मादा है,” बिरू म्हणाला.

तेवढ्यात फुलंब्रीचा घोडेस्वार परतला. त्याला राणी नावाच्या चार बाया सापडल्या होत्या, चौघी आपापल्या घरी होत्या, आणि चौकशीमुळं दोन घरांत नवीन भांडणं लागली होती. ते ऐकून साहेबांनी डोळे मिटून घेतले. बिरूला वाटलं, आता तुरुंग. पण साहेबांना तुरुंगापेक्षा घरची काळजी मोठी होती. बेगमनं नवस बोललेला आहे, ते म्हणाले, ती रोज विचारणार. तेव्हा आज सूर्य मावळायच्या आत ती जी कोण मुसम्मात आहे ती माझ्या बंगल्यावर हजर पाहिजे, आणि ती तूच आणायची.

बिरू निघाला. नाल्याच्या कडेकडेनं गेला, मळे धुंडाळले, वाटेत भेटेल त्याला विचारलं. शाळेत जायला लागल्यापासून तो इतका चालला नव्हता. दुपार कलता कलता चिकलठाण्याच्या कोंडवाड्यात, कुणाच्यातरी ज्वारीत तोंड घातल्याबद्दल कोंडलेली राणी त्याला सापडली. कपाळावर पांढरा टिक्का, गळ्यात साखळी, आणि चेहऱ्यावर कसलीही खंत नाही.

कोंडवाड्याचा राखणदार रामकिसन म्हणाला, लेखी पाहिजे. तोंडी सोडायचा हुकूम नाही. बिरूनं जवळचा कागद काढला. पायांत गोळे आले होते, सूर्य खाली चालला होता, आणि डोक्यात एकही मोठा शब्द शिल्लक नव्हता. त्यानं लिहिलं, ‘ये भैंस मुकुंदवाडी की आवडाबाई की है. अमीनसाहेब ने मँगाई है. छोड़ दो.’ लिहून झाल्यावर तो जरा थांबला. कागदाला काही झालं नाही. रामकिसननं उर्दू अक्षरं बोटानं लावत लावत ते वाचलं, मान हलवली आणि फाटक उघडलं. आपण लिहिलेलं वाचून कुणीतरी उठून काहीतरी केलं, असं बिरूच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं रामकिसनला विचारलं, अजून काही लिहून पाहिजे का. रामकिसन नको म्हणाला.

राणीला त्यानं थेट अमीनसाहेबांच्या बंगल्यावर नेलं, कारण हुकूम तसा होता. अख्तरीबेगम बांबूच्या चिकाच्या पडद्याआड येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी फटीतून राणीला शिंगांपासून खुरांपर्यंत बघून घेतलं. मग हसू फुटलं ते थांबेना, आत कुणीतरी पाणी आणायला धावलं. नवस मात्र नवस, त्या म्हणाल्या. राणीच्या शिंगांना मोगऱ्याचे गजरे बांधले गेले आणि ती फुलं मिरवत राणी सगळ्या बाजारातून, वाजतगाजत नाही तरी बघ्यांच्या लवाजम्यानिशी मुकुंदवाडीला आली. वेशीजवळ आवडाबाईनं आधी तिला मिठी मारली, मग बिरूला, आणि निम्मे गजरे राणीनं तिथंच खाऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी बिरू चिंचेखाली जायला तयार नव्हता. लोक हसतील, म्हणाला. आप्पा म्हणाला, “हसतील की. हसाया येतील तवा बसशील तर त्यातला यखादा लिवूनबी घेईल.” बिरूला पटलं नाही, पण मेंढरांमागं जाण्यापेक्षा ते बरं म्हणून तो गेला.

लोक खरंच बघायला आले. म्हशीला मुसम्मात करणारा तो कोण, म्हणून जालना रस्त्यावरच्या गावांतून आले. बघून झाल्यावर, आलोच आहोत तर, म्हणून एकानं बांधाच्या तंट्याचा अर्ज लिहून घेतला. दाऊदमियाँनी तो मागून घेऊन वाचला, दोन शब्द खोडले आणि परत दिला. मग त्यांनी बिरूला सांगितलं, की आधी माणसाला विचार काय झालं, तो सांगतो तेवढंच लिही, आणि मोठे शब्द लग्नपत्रिकांसाठी राखून ठेव. लग्नपत्रिका ते बिरूकडंच पाठवू लागले. त्यांना त्या जमत नसत.

वर्षभरात दोन पोत्यांपुढं दोन रांगा लागू लागल्या. कुणी बिरूला विचारलं, शिक्षणाबद्दल तुझं काय मत, तर त्याची मतं बदलली आहेत असं तो कधी कबूल करायचा नाही. फक्त ती सांगायला त्याला सवड मिळेना. बाजाराच्या दिवशी तर बानाबाईनं बांधून दिलेली भाकरी तिसऱ्या प्रहरापर्यंत तशीच फडक्यात राहायची, आणि समोर बसलेला माणूस आपलं गाऱ्हाणं सांगत असताना बिरू मान खाली घालून विचारायचा, “मंग पुढं काय झालं?”