डाव्या पिळाचा जिना

मिस्त्री बासष्ट वर्षांचे होते आणि त्यातली चाळीस वर्षं त्यांनी लोखंड वाकवण्यात घालवली होती. खिडक्यांचे गज, फाटकं, कठडे असं सगळंच ते करत. पण त्यांचं नाव होतं गोल जिन्यांसाठी. जागा अडचणीची आहे, माडीवर जायला वाट काढायची कुठून, असं कुणी म्हटलं की लोक त्यांचा पत्ता देत. त्यांनी केलेला पहिला गोल जिना त्यांच्याच अंगणात उभा होता. खाली वर्कशॉप, मागे मिस्त्री आणि त्यांची बायको राहत त्या दोन खोल्या, आणि वर, जिन्याच्या टोकाच्या खोलीत, त्यांची थोरली बहीण.

अक्का सत्तरीच्या. लग्न केलं नाही आणि त्याचं दुःखही केलं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता निवृत्त झाल्या, आणि आता शब्दकोशाचं काम करत. परक्या भाषेतला एक शब्द घ्यायचा, आपल्या भाषेतले त्याचे अर्थ शोधायचे आणि प्रत्येक अर्थाची एक चिठ्ठी लिहायची. दर मंगळवारी पिशवीभर चिठ्ठ्या त्या कोशाच्या कचेरीत पोचवून येत.

त्या महिन्यात त्यांची गाडी ‘स्पायरल’पाशी अडली होती. कचेरीने ‘सर्पिल’ सुचवला होता, तो त्यांच्या गळी उतरेना. सकाळी चहाला मिस्त्री वर आले की त्या विचारायच्या, तुमच्यात याला काय म्हणतात रे? मिस्त्री सांगायचे, जिना असेल तर गोल, स्क्रूला असतात ते आटे, तार गुंडाळली की वेटोळं, सळी पिळली की पीळ. सापाचं म्हणशील तर तो नागमोडी जातो, ते प्रकरण वेगळं. अक्का सगळं उतरवून घेत. वहीच्या पाठीची तार, गोगलगायीचं कवच, मोरीतून गरगरत जाणारं पाणी, असं करत अकरा चिठ्ठ्या झाल्या. एकच अर्थ उरला होता. एकातून एक निघत गोष्ट हाताबाहेर जाते, तो. त्याला मनासारखं काही मिळत नव्हतं. मिस्त्रींना त्यातलं फारसं समजत नसे. पण एवढी शिकलेली बहीण आपल्याला विचारते, याचं त्यांना मनातून फार अप्रूप होतं.

आठ महिन्यांपूर्वी अक्का न्हाणीघरात पडल्या होत्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण मूठ पहिल्यासारखी वळेना. लिहिणं कसंबसं जमत होतं. जिना उतरताना मात्र त्या पिशवी गळ्यात अडकवत आणि एकेक पायरी चाचपत येत. मिस्त्री वर्कशॉपमधून बघत असत आणि अक्कांचा पाय जमिनीला लागेपर्यंत त्यांच्या हातातलं काम थांबलेलं असे.

एका मंगळवारी अक्का वरून तिसऱ्या पायरीवर घसरल्या आणि बसल्या बसल्या दोन पायऱ्या खाली आल्या. लागलं काहीच नाही. चिठ्ठ्या तेवढ्या अंगणभर उडाल्या. मिस्त्री हातातलं टाकून धावले. त्यांनी अक्कांना उठवलं, पाणी दिलं, चिठ्ठ्या गोळा केल्या, आणि मग भीतीचा राग झाला. त्यांनी सांगून टाकलं की आजपासून तू खाली राहायचंस, आमची मागची खोली तुला देतो. अक्का म्हणाल्या, खाली दिवसभर तुझं यंत्र कोकलतं, माझ्या डोक्यात एक शब्द टिकणार नाही. मिस्त्री म्हणाले, हातपाय मोडल्यावर शब्द घेऊन काय करणार. अक्का म्हणाल्या, हातपाय माझे आहेत. एरवी दोघंही इथे थांबली असती. पण मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, “तुझ्या शब्दांवाचून कुणाचं काही अडलंय का?”

अक्कांनी त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या ओढून घेतल्या. मग म्हणाल्या, “तुझा जिनाच मुळात चुकलाय.”

पाच दिवस दोघांच्या तोंडाला कुलूप. मिस्त्री चहाला वर जाईनात आणि अक्का खाली येईनात. वरचा चहा, जेवण, औषध, सगळं मिस्त्रींच्या बायकोच्या पायांवर आलं. नणंदेशी तिचं कधी वाकडं नव्हतं आणि नवऱ्याला तर ती आरपार ओळखून होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे तर दोन दोन सुंभ आहेत, असं ती अंगणातून, दोघांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. पाचव्या दिवशी ती खाली आली ती गुडघे चोळत, आणि तिने नवऱ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. अक्कांनी दिली होती. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘स्पायरल. अर्थ बारावा. शब्दाने शब्द वाढत जाणे. उदाहरण : दोघांचंही तसं म्हणणं नव्हतं, पण शब्दाने शब्द वाढला.’

मिस्त्रींनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि अंगणात गेले.

त्यांनी जिना खालपासून वरपर्यंत हलवून पाहिला. कुठे ढिला नव्हता. चौदा पायऱ्या, मधल्या खांबाभोवती बरोबर एक वेढा, चाळीस वर्षांत वेल्डिंगचा एक टाका सुटला नव्हता. मग चुकला कसा? ते वर गेले, बंद दारासमोर उभे राहिले, आणि खांद्यावरच्या फडक्याने उजवा हात कमरेशी बांधून उतरू लागले.

चौथ्या पायरीवर ते अडले. उतरताना कठडा उजवीकडे होता. डाव्या हाताला फक्त मधला खांब, आणि खांबाला धरावं तर तिथे पायरी निमुळती होत चार बोटं उरलेली. पाऊल मावत नव्हतं. पाऊल मावेल तिथे धरायला काही नाही, आणि धरायला आहे तिथे पाऊल मावत नाही. अक्का आठ महिने अशा उतरत होत्या आणि एका अक्षराने बोलल्या नव्हत्या.

मिस्त्री खाली पोचले आणि तसेच पुन्हा वर गेले. दार वाजवलं.

“अक्का, जिना चुकलेला नाही,” ते म्हणाले. “तुझ्या हाताला चुकलाय. उलट्या अंगाने वळवला तर उतरताना कठडा तुझ्या डाव्या हाताला येईल.”

अक्कांनी त्यांच्या कमरेला बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग फडक्याची गाठ एका हाताने आणि दातांनी सोडवायला लागल्या, आणि सोडवता सोडवता म्हणाल्या, “आणि चढताना?”

“चढताना उजवीकडे येईल.”

“मग कोपर टेकवीन. चढताना माणूस पडत नाही. चहा टाकू?”

कामाला नऊ दिवस लागले. जुना जिना काढल्यावर अक्कांना खाली राहणं भाग होतं, त्यामुळे त्या मागच्या खोलीत आल्या आणि पहिल्याच सकाळी खुर्ची घेऊन अंगणात बसल्या. यंत्र कोकलत होतं, पण आता ते त्यांना चालत होतं. पायऱ्या तर त्याच वापरता येतील ना, त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, पायऱ्या वापरतो, फक्त पुढची कडा कापून दुसऱ्या बाजूला लावावी लागेल. मग कठडाही तोच का नाही, अक्का म्हणाल्या, खालचं टोक वर केलं की झालं. मिस्त्री हसले. त्यांनी एक स्क्रू आणून अक्कांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, हा उलटा धर, सुलटा धर, आटे एकाच अंगाने फिरतात. एका पिळाचं ते त्याच पिळाचं, कसंही धरलं तरी. चढताना डावीकडे वळतो तो आमच्यात डाव्या पिळाचा जिना, त्याला कठडा नवाच वाकवावा लागतो.

अक्का तो स्क्रू उलटसुलट करत राहिल्या. चाळीस वर्षं मी या कठड्याला धरून चढले उतरले, त्या म्हणाल्या, आणि हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी नवी चिठ्ठी घेतली.

कठडा बसवायच्या दिवशी मिस्त्रींनी नळी वाकवण्याआधी अक्कांना उभं केलं आणि डावा हात पुढे करायला लावला. कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, नळी मुठीत किती जाड बरी वाटते ते विचारलं. एरवी गिऱ्हाइकाला ते इतकं विचारत नसत. बायकोने ते पाहिलं. आत जाऊन ती एकटीच हसली.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, अक्का गळ्यात पिशवी अडकवून वरून निघाल्या. डावा हात कठड्यावर, पाऊल पायरीच्या रुंद भागावर. मिस्त्री खाली उभे होते, दोन्ही हात नकळत पुढे केलेले. अक्का न थांबता उतरल्या. जमिनीवर आल्या, वळल्या, कोपर टेकवत पुन्हा वर गेल्या आणि पुन्हा उतरल्या. तिसऱ्यांदाही तेच करायला निघाल्या तेव्हा मिस्त्री म्हणाले, अगं, कचेरी बंद होईल.

“होऊ दे,” अक्का अर्ध्या जिन्यावरून म्हणाल्या. “तुझा जिना झकास आहे, धाकट्या.”

त्रास झाला तो मिस्त्रींना. चाळीस वर्षांची सवय पायांत मुरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला वर निघाले ते सवयीने उजवीकडे वळले आणि कोपराने थेट कठड्यावर आदळले. वर दार उघडंच होतं. अक्कांचं हसणं अंगणापर्यंत आलं, आणि पाठोपाठ, खालच्या स्वयंपाकघरातून, बायकोचंही. मिस्त्रींनी कोपर चोळलं, डावीकडे वळले आणि चढू लागले.