माझी पाटी शेजारच्या टेकडीला

मी डोंगर बोलतोय. नीट ऐका, दोनदा सांगणार नाही. इतकी वर्षं तोंडातून ब्र काढला नाही, म्हणून कुणीही यावं आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटावेत, हे यापुढे चालणार नाही.

जुन्या बौद्ध ग्रंथांत एका पवित्र डोंगराचं वर्णन आहे. अवघड चढण, अरुंद वाट, माथ्यावर तळं आणि तळ्याकाठी करुणेच्या बोधिसत्त्वाचं ठाणं. तो डोंगर नेमका कुठला, यावर विद्वानांची अजून हमरीतुमरी चालते. कुणी लांबच्या डोंगराचं नाव घेतं, कुणी माझं. माझ्या माथ्यावर तळं आहे. काठाला भिक्खूंनी खोदलेल्या पायऱ्या आहेत, बसून बसून गुळगुळीत झालेल्या. आणखी काय पाहिजे?

एकदा कौल माझ्या बाजूने लागला. 'हाच तो पवित्र डोंगर' अशी दगडी पाटी ट्रकमधून निघाली. वाटेत ओढा आडवा आला. हमाल म्हणाले, "आता कोण तडफडतंय पलीकडे! उतरवा इथेच." पाटी शेजारच्या टेकडीच्या पायथ्याशी रोवून मंडळी घरी गेली. त्या टेकडीवर तळं सोडा, साधं डबकंसुद्धा नाही.

मग नकाशा काढणारा आला. तरुण, नीटनेटका, पण गुडघा सुजलेला. वर न चढता त्याने पाटी वाचली आणि नकाशात टेकडीवर लाल टिंब दिलं. जाताना ओढ्यात वाहून आलेला माझा एक गोटा उचलून नेला, कचेरीतल्या टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून. तेव्हापासून त्या कचेरीतलं सगळं माझ्या कानावर येतं. तिथली रीत अशी, की नवा नकाशा करायचा तर जुन्यावर कागद ठेवून गिरवायचा. जागेवर जाऊन बघायचं नाही. तीस वर्षं ते टिंब गिरवलं जातंय आणि भाविक टेकडीला हात जोडतायत. जोडू देत. मला त्याची हौस कधीच नव्हती.

पण यंदा खडीवाला आला. नकाशात मी नुसता दगड, म्हणून माझ्या पोटात सुरुंग लावायची परवानगी त्याने मागितली. अर्ज आला नकाशावाल्याच्या मुलीपुढे. ती आता त्याच कचेरीत साहेब आहे, आणि गोटाही तिच्याच टेबलावर आहे.

बाप निवृत्त झालेला. तिचा विसरलेला डबा द्यायला आला आणि अर्ज त्याच्या नजरेला पडला. त्याने अर्जाला जोडलेल्या नकाशातल्या लाल टिंबावर बोट ठेवलं.

"काय झालं, बाबा?"

"हे टिंब चुकलंय गं. मीच चुकलोय. वर चढलोच नव्हतो, पाटी बघून दिलं ठोकून. पुढे एकदा चढलो, तेव्हा तळं दिसलं. तोवर नकाशा छापून झाला होता. म्हटलं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्या!"

मुलगी लालबुंद झाली. "आणि मला काय सांगायचात? रेघ केसभर हलली तरी घास गोड लागत नाही म्हणून!"

"लिहून देतो. सहीसकट. नाव गेलं तरी चालेल."

"नाव जाणारच, बाबा," ती म्हणाली आणि कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. तिचे डोळे भरले होते. त्या माणसाचा मला राग होता, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी तो निवळला.

सुनावणीला खडीवाला हसला. "एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर काम थांबवता? ग्रंथातला डोंगर हाच, हे आधी सिद्ध करा!"

ती म्हणाली, "ते विद्वान बघतील. तळं आहे की नाही, ते आपण बघू. चला वर."

सगळे चढले. बाप दुखरा गुडघा धरून सगळ्यांत पुढे. वर पोचल्यावर ती पायरीवर बसली, पाण्यात हात घातला, आणि तिथेच अर्जावर 'नामंजूर' लिहून सही केली.

खडीवाल्याने वरच्या कचेरीत दाद मागितली आहे. त्याचं यंत्र माझ्या पायथ्याशी उभं आहे. परवा पुन्हा विद्वान येतायत, मी तोच का, हे ठरवायला.

या, बापड्यांनो, खुशाल या. तोच मी की दुसरा, हे मी मुळीच सांगणार नाही. पण जाण्याआधी एवढं सांगून जा: मी तो नसलोच, तर मला फोडाल?