चौथी कुंडी

सिब्रेनने पाचवी कुंडी उचलून टेबलावर इतर चारांच्या रांगेत ठेवली आणि हात पँटला पुसले. हिस्के काचघराच्या दारातच उभी होती. तिने कोट काढला नव्हता.

"आत ये ना. दार उघडं राहिलं की माश्या येतात."

ती आत आली, दार ओढून घेतलं आणि नाकावर हात धरला. मग तो सावकाश खाली आणला, जणू थंड पाण्यात पाय घालावा तसा.

कुंड्यांतली गांजाची झाडं गुडघ्याएवढीच होती, पण शेंड्यांपर्यंत दाट फुलली होती. ऑगस्ट निम्मा सरला होता. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये, अजून साडेनवापर्यंत उजेड असायचा. गांजाची इतर झाडं अशा दिवसांत नुसती पानं काढत बसतात, दिवस लहान व्हायची वाट बघतात. ही बुटकी जात वाट बघत नाही. वयाचे दिवस भरले की ती फुलते आणि अकराव्या-बाराव्या आठवड्यात संपते. त्या दोघांच्या लेकीने, नीन्केने, ही जात निवडली ती त्याचसाठी. "बाबा, पानगळीपर्यंत थांबायला मला कुठे वेळ आहे?" असं ती हसत म्हणाली होती, आणि सिब्रेनने उगीचच नळ सोडला होता.

नीन्के सव्वीस वर्षांची होती. औषधांनी तिचं अन्न तुटलं होतं. घोटभर धूर घेतला की चार घास जायचे. आजारी माणसाचं मन कशात तरी गुंतावं म्हणून ती या काचघरात नर-मादी ओळखायला, पराग धरायला, बी धरायला शिकली. सिब्रेनने आयुष्यभर बियाण्याच्या बटाट्याची शेतं तपासली होती, सरीसरीने चालत रोगट झाड उपटून टाकायचं हेच त्याचं काम. त्यानेच तिला निवड शिकवली. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका झाडाला वेगळाच वास आला. "आईच्या नाशपाती," ती म्हणाली. दालचिनी घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या. त्या संध्याकाळी तिने दोन वाट्या भरून जेवण केलं. त्या झाडाचं बी मात्र तिने धरून ठेवलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. पुढच्या पिढीत तो वास दडला, आणि त्याच हिवाळ्यात सिब्रेनची वास घ्यायची शक्ती तापात गेली ती परत आलीच नाही. वसंतात हिस्के घर सोडून झ्वोलला बहिणीकडे राहायला गेली. तो एकटाच पिढीमागून पिढी लावत राहिला, नुसत्या पानांवरून, बांध्यावरून निवडत. ही आठवी, आणि ती हुंगायला त्याने हिस्केला बोलावलं होतं.

"फांदी कापून लावली तर? माझ्या जिरेनियमचं मी तसंच करते," हिस्केने विचारलं.

"ह्यांचं तसं चालत नाही. आईचं वय फांदीलाही लागतं. दोघी बरोबरच मरतात. बी धरायचं आणि पुन्हा निवडायचं, एवढंच." त्याने प्रत्येक झाडाच्या एकेका फांदीला बांधलेला लाल दोरा दाखवला. "ह्या फांद्यांवर पराग टाकलाय. बी आता तयार आहे. जिच्यात तो वास असेल तिचंच ठेवायचं. बाकीच्या खतात."

"शेजारच्या रिन्सला का नाही विचारलंस?"

"रिन्सने तुझ्या नाशपाती कुठे खाल्ल्यात? त्याला काय हुंगायचं ते मी सांगणार कसा? मलाच आठवत नाही, हिस्के. शब्द आठवतो, वास नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. टेबलाच्या कडेला नीन्केच्या हातमोज्यांची जोडी होती. तिने ती उचलली नाही, फक्त बाजूला सारली.

"तुला वास येत नाही म्हणून तुला इथे राहता येतं," ती म्हणाली. "मला घरभर तीच यायची. पडद्यांतून, उशीतून. कपाट उघडलं तरी."

"मला कळलं नाही तेव्हा."

"कळलं असतं तरी तू काय केलं असतंस?"

ती पहिल्या कुंडीवर वाकली. फुलं दोन बोटांत हलकेच चोळून तिने बोटं नाकाशी नेली. मान हलवली. दुसरी. तिसरीला वेळ लागला, तरी नाहीच. चौथीवर ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. सिब्रेनला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"कॉफी टाकशील का?" तिने मागे न वळता विचारलं. "नाक सुन्न झालंय. कॉफीने मोकळं होतं म्हणतात."

तो स्वयंपाकघरात गेला. कप धुतले, दूध तापवलं, केकचे दोन तुकडे कापले. घाई केली नाही. या घरात कोणासाठी तरी कॉफी करून वर्ष उलटलं होतं. परतला तेव्हा ती दाराशी उभी होती, हात कोटाच्या खिशात.

"पाचही पाहिल्या," ती म्हणाली. "नाहीये, सिब्रेन."

"एकीतही?"

"एकीतही नाही. गेला तो. आता हे पुरे कर."

त्याने ट्रे कुंड्यांच्या मध्ये ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिला साखर विचारली. तिने उभ्यानेच दोन घोट घेतले. जाताना त्याच्या गालावर हात ठेवला, एक क्षणभरच, आणि गाडीकडे गेली. काचा बंद करून तिने गाडी वळवली. हात हलवला नाही.

सिब्रेन बराच वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग आत येऊन त्याने पहिलं झाड मुळासकट उपटलं. दुसरं, तिसरं. पस्तीस वर्षं त्याने हेच केलं होतं, हाताला विचारावं लागत नव्हतं.

चौथ्यापाशी मात्र हात थबकला. लाल दोऱ्याची फांदी त्याच्या बोटांना हलकी लागली. त्याने फुलं चाचपली. आत एकही दाणा नव्हता. ती बी धरलेली फांदीच नव्हती. दोरा तिच्यावरून सोडवून या शेजारच्या फांदीला बांधलेला होता. त्याने पानं बाजूला केली. खाली, खोडालगत, ताजा मोडलेला देठ होता, आणि तो दिसू नये म्हणून त्यावर कुंडीतली ओली माती चोळलेली होती.

तो उलट्या बादलीवर बसला.

पाच वाजता ठरल्याप्रमाणे रिन्स सायकलवरून आला. निवडलेल्या बियांतल्या निम्म्या तो दरवेळी आपल्या तळघरात ठेवायचा. एका घराला आग लागली तर दुसरं राहील, असा त्याचा जुना शेतकरी हिशोब.

"उपटून टाकलीस? म्हणजे नापास?" रिन्सने विचारलं. "आणि ही दोन झाडं तशीच कशी?"

"चौथ्यात आहे."

"मग चेहरा असा का? दे बी."

"हिस्के घेऊन गेली."

"घेऊन गेली म्हणजे? लावणार आहे ती?"

"नाही. लावणार नाही."

रिन्सने टोपी काढून डोकं खाजवलं. "अरे, मग फोन कर. चार दाणे तरी माग. आठ पिढ्या केल्यास, गंमत आहे का? तिला त्या फांदीचं करायचंय काय?"

रिन्सने खिशातून स्वतःचा फोन काढून त्याच्यापुढे धरला. सिब्रेनने तो परत रिन्सच्या हातात ठेवून त्याची मूठ मिटली.

"असू दे तिच्याकडे," तो म्हणाला. मग चौथी कुंडी त्याच्यापुढे सरकवली. "तू हुंगून बघतोस?"

रिन्स गुडघ्यावर हात टेकून वाकला. डोळे बारीक केले. "गोड आहे. काहीतरी गोड शिजतंय, आणि..." त्याने पुन्हा नाक लावलं. "कोणाचं तरी लक्ष नव्हतं वाटतं. पातेलं खाली किंचित लागलंय."

सिब्रेनने मान फिरवली. हिस्केच्या नाशपाती दरवेळी तळाला लागायच्या. नीन्के तेवढंच खरवडून खायची. हे तो विसरला होता.

"किती दिवस राहील हे झाड?" रिन्सने हळूच विचारलं.

"दहा. फार तर बारा."

त्याने झारी भरली आणि कुंडीच्या कडेकडेने पाणी घातलं, फुलांवर थेंब पडू न देता.

"उद्या येशील?"

"उद्या? बी तर नाही. कशाला?"

"याच वेळेला ये," सिब्रेन म्हणाला. "हुंगायचं, आणि आहे की नाही एवढं मला सांगायचं."